आजोबांची हत्यारं घासायच्या आधी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं जुनं घर उतरवताना माळ्यावर आजोबांची सुतारकामाची पेटी निघाली. आत वाकस (लाकूड तासायचं हत्यार), तीन-चार रंधे, पटाश्या, करवती, सामता आणि काही नाव न कळणाऱ्या वस्तू आहेत. सगळ्यावर गंज चढलाय आणि भंगारवाला किलोवर मागतोय. तुम्हाला ती ठेवायची आहेत, जमलं तर वापरायचीही आहेत, आणि जुन्या कारागिरीवर काय वाचावं हेही हवंय.

आधी एवढं करा: किलोवर काही देऊ नका आणि निदान महिनाभर काही घासू नका. गंज इतकी वर्षं बसलेला आहे, महिन्याभरात त्याने हत्यार जाणार नाही. पेटी जमिनीवरून उचलून विटांवर ठेवा, भिंतीला टेकू देऊ नका, आत कापराच्या दोन वड्या टाका. घाई गंजाची नाही, माणसांची आहे. आजोबांना काम करताना पाहिलेलं कोणी घरात, भावकीत किंवा शेजारी अजून असेल तर पेटी त्यांच्यापुढे उघडायची ती आत्ता, हत्यारं मळलेली असतानाच. चकचकीत केलेली हत्यारं पाहून म्हाताऱ्या माणसांना काही आठवत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलंय. मळकी, ओळखीच्या दांड्याची हत्यारं हातात दिली की मात्र ते आपोआप ती कशी धरायची ते दाखवू लागतात. तेव्हा मोबाईलवर त्यांच्या हातांचं चित्रण करा, चेहऱ्याचं नंतर.

आता एकेक हत्यार उजेडात घेऊन बसा. वाकसापासून सुरुवात करा. नेढ्यात, म्हणजे जिथे दांडा बसतो तिथे, बहुतेक लाल-काळा थर असेल. तो नुसता गंज नाही, वर्षानुवर्षं खंडेनवमीला वाहिलेलं हळदकुंकू आणि तेल आहे. तो थर तसाच राहू द्या. मग धारेकडे बघा. एक कोपरा दुसऱ्यापेक्षा जास्त झिजला असेल तर तो कोणत्या हाताचा होता आणि लाकूड पायाखाली कुठल्या अंगाने धरायचा ते त्यावरून कळतं. आपल्याकडचा जुना सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून काम करायचा. उभं राहून काम करायचं उंच टेबल नंतर आलं, ते शाळांतून आणि रेल्वेच्या कारखान्यांतून. दांड्याची लांबी आणि वाकसाचा बाक त्या बसण्यालाच जुळवलेला असतो. उभ्याने वापरून बघाल तर हत्यार वाईट वाटेल. दोष त्याचा नसतो.

रंध्याचा तळ बघा. तोंडाच्या पुढे दुसऱ्या रंगाच्या लाकडाचा छोटा तुकडा बसवलेला दिसला तर समजा, तळ झिजून तोंड रुंद झालं होतं आणि आजोबांनी ते अरुंद करून घेतलं. म्हणजे हा रंधा लाकूड गुळगुळीत करायच्या शेवटच्या हाताला वापरला जायचा; नुसतं लाकूड तासायच्या रंध्यासाठी कोणी एवढा जीव ओतत नाही. पटाशीचा डोक्याकडचा भाग ठोकून ठोकून फुलला आहे की गुळगुळीत आहे? फुललेल्या पटाशीने खाचा पाडल्या, गुळगुळीत पटाशी नुसत्या हाताने दाबून चालवली. जाड पात्याचं अरुंद किंकरं, म्हणजे ठोकून खाचा पाडायची पटाशी, सापडलं तर दारं-खिडक्यांची चौकट हे घरचं काम होतं असं धरायला हरकत नाही. भोक पाडायचं मोठं गिरमिट आणि रुंद गोल पटाशी असेल तर गाड्याची चाकं किंवा कुरीचं (पेरणीच्या अवजाराचं) चाडं, म्हणजे बी सोडायचा वाडगा. बेळगावजवळ शहापूर-वडगावात मागाची वस्ती असल्याने तिथल्या सुतारांकडे माग आणि धोट्याच्या कामाची बारीक हत्यारं असत. तुमच्या पेटीत तशी असली तर आजोबांनी काही वर्षं गावाबाहेर काढली होती का, हे घरात विचारून बघा.

आणि तुम्ही ज्याला «कचरा, लाकडाच्या पट्ट्या» म्हटलंय, तो टाकला नसेल तर अजिबात टाकू नका. माझ्या मते पेटीतली सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे.

एक पट्टी हातात घ्या. बोटभर रुंद, फूट-दोन फूट लांब, कडेला करवतीने पाडलेल्या खुणा. कुठे दोन खुणा जवळ, कुठे लांब, एखाद्या खुणेला फुली. हे मोजमापाचं साधन आहे, पण त्यावर इंच नाहीत. प्रत्येक खूण एका ठरलेल्या कामाची आहे: नांगराच्या इसाडाला (लांब दांडीला) भोक कुठे, जुवाला शिवळा (बैलाच्या मानेशेजारच्या खुंट्या) किती अंतरावर, चाकाच्या तुंब्याभोवती (मधल्या गाभ्याभोवती) आरे कसे वाटायचे, कुरीच्या फणांमध्ये किती जागा सोडायची. कुरीचं अंतर पिकावर ठरतं. ज्वारीची पेर वेगळी, भुईमुगाची वेगळी. खानापूर-बेळगावकडे भातसुद्धा पावसाआधी कोरड्या रानात कुरीने पेरतात, तिथे ओळी आणखी जवळ. खाली कोकणात चिखल करून रोप लावतात, त्यामुळे तिथल्या सुताराच्या पेटीत कुरीची पट्टी सापडणारच नाही. तुमच्या गावच्या जमिनीचा आणि पिकाचा हिशोब त्या खुणांत आहे, आणि तो कुठल्याही छापील पुस्तकात मिळणार नाही. पट्टी कागदावर ठेवून पेन्सिलीने कड आणि खुणा उतरवून घ्या, मग जुन्या शेतकऱ्यांना दाखवा. एखाद्या घरी मोडकी कुरी टांगलेली असेल तर तिच्यावर लावून बघा.

लोखंडाकडे वळू या. गावच्या लोहाराने घडवलेली पटाशी बहुतेक दोन धातूंची असते: अंग मऊ लोखंडाचं आणि धारेला पोलादाची पट्टी भट्टीत जोडलेली. कारण साधं होतं, पोलाद महाग आणि लोखंड स्वस्त. ओळखायचं कसं? पाठीवर धारेजवळ बोटभर जागा बारीक पॉलिश पेपरने साफ करा, त्यावर लिंबाचा रस लावा, थोड्या वेळाने धुऊन लगेच कोरडं करा. पोलाद जास्त काळवंडतं, लोखंड फिकट राहतं, दोन्हींमधली सांध्याची रेघ दिसते. त्या रेघेपासून धारेपर्यंत जेवढं पोलाद उरलंय तेवढं त्या हत्याराचं आयुष्य उरलंय. सेंटिमीटरभर जरी असलं तरी घरगुती कामाला तुमच्या उभ्या हयातीत संपणार नाही.

काही पात्यांवर इंग्रजी अक्षरं असतील. «कास्ट स्टील» असा ठसा दिसला की लोक बिडाचं समजून टाकून देतात, कारण बेळगाव पडलं फौंड्र्यांचं गाव आणि इथे कास्ट म्हणजे बीड हे डोक्यात पक्कं. प्रत्यक्षात तो ठसा मुशीत वितळवून केलेल्या उत्तम पोलादाचा आहे. शेफिल्डच्या बेंजामिन हंट्समनने १७४०च्या दशकात ती रीत बसवली, आणि पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षं इंग्लंडमधली चांगली पाती त्याच पोलादाची झाली. आपल्या सुतारांनी अशी विलायती पाती विकत घेऊन ती शिसवाच्या किंवा बाभळीच्या ठोकळ्यात बसवली. असा रंधा मिळाला तर पातं आणि ठोकळा वेगळे करून विकू नका. दोन्ही मिळून तो एक दस्तऐवज आहे.

महिन्याने साफ करायला घ्याल तेव्हा लोखंडी भाग रात्रभर रॉकेलमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी काथ्याने घासा, लागलं तर बारीक पॉलिश पेपर, तोही तेल लावून. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून गंज उडवणारे खूप भेटतील, त्यांच्या हाती हत्यार देऊ नका. ठसे जातात आणि धार तापते. पोलाद किती तापलं हे रंगावरून कळतं: सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास गवती पिवळा, तीनशेच्या सुमाराला निळा. धारेवर निळा रंग चढला की पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, धार टिकणार नाही. मग तेवढा भाग घासून काढावा लागतो किंवा लोहाराकडून पुन्हा पाणी द्यावं लागतं, आणि पटाशीचं पाणी जाणणारा लोहार आता शोधावा लागतो.

लाकडी भागाला पाणी लावू नका. रॉकेलने किंचित ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. घरात शेंगतेल किंवा खोबरेल आहे म्हणून तेच लावू नका. ती तेलं वाळत नाहीत, चिकट राहून धूळ धरतात. जवसाचं तेल वाळतं. आपल्याकडच्या काळ्या रानातली करडई, तिचं तेलही वाळणाऱ्या जातीचं, फक्त जवसापेक्षा सावकाश. एक सावधगिरी मात्र पाळाच: जवसाच्या तेलात भिजलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. उलगडून उन्हात दोरीवर पसरा.

धार लावताना नवशिके सगळं लक्ष उतारावर, म्हणजे धारेच्या तिरक्या बाजूवर, देतात आणि पाठ विसरतात. पाठ सपाट नसेल तर उतार कितीही घासा, धार येणार नाही. काचेच्या जाड तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवून पाठीचा धारेजवळचा भाग आरशासारखा करा. त्यानंतर उतार: हाताने दाबायच्या पटाशीला वीस-पंचवीस अंश, नेहमीच्या कामाच्या पटाशीला पंचवीस-तीस, ठोकायच्या किंकऱ्याला तीस ते पस्तीस. जुन्या हत्याराचा उतार यापेक्षा वेगळा निघाला तर लगेच बदलू नका. ऐन-शिसवासारख्या कठीण लाकडात काम करणाऱ्याने तो मुद्दाम जाड ठेवलेला असतो.

करवतीचं तर आधी नुसतं बघाच. आपल्या जुन्या करवतीचे दात मुठीकडे झुकलेले असत, म्हणजे ती ओढताना कापायची. जमिनीवर बसलेल्या माणसाला ढकलण्यापेक्षा ओढणं सोपं, आणि ओढताना पातं ताणात राहतं म्हणून ते पातळ असलं तरी वाकत नाही. विलायती करवतीचे दात टोकाकडे झुकलेले, ती ढकलताना कापते. मधल्या पिढीत कोणीतरी जुन्या करवतीचे दात कानशीने उलटे करून घेतलेले मी पाहिलेत. पातळ पातं ढकलायला लागलं की वाकतं, आणि मग चांगली करवत माळ्यावर जाते.

लाकडाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण हत्यार समजायचं तर लाकूड समजायला हवं. तुमच्या तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे जांबोटी, कणकुंबी, लोंढा हा घाटमाथा. तिथे सागवान, शिसव, ऐन, किंजळ, नाणा, हेद. पूर्वेला अथणीकडे जाल तसं रान उघडं होतं आणि सुताराच्या हाती मुख्यतः बाभूळ, लिंब, आंबा. कणकुंबीला पडणारा पाऊस अथणीच्या कित्येक पट. घाटमाथ्यावर पावसाळ्यात बसवलेलं दार अथणीच्या उन्हाळ्यात नेलं तर फळ्यांमध्ये फटी पडणार, आणि तिथलं दार इथे आणलं तर जुलैत ते चौकटीत अडकणार. म्हणून जुना सुतार दाराची फळी चौकटीत ठोकून पक्की करत नसे. खाच पाडून तिच्यात मोकळी सरकू देई. घर उतरवलंत ना, एखादं दार राहिलं असेल तर त्याची खाच उघडून बघा, फळीच्या कडेला आक्रसल्याची रेघ दिसेल. सांध्यात सरस वापरलेला असेल तर गरम पाण्याच्या फडक्याने तो सुटतो. हातोडा मारून सांधा फोडू नका.

चाकाचं काम आजोबा करत होते का, हे जरूर शोधा. सुतारकामातलं सगळ्यात अवघड काम तेच, आणि ते दोन कारागिरांनी मिळून करायचं काम आहे. तुंबा, आरे, पुठ्ठे (घेराचे लाकडी तुकडे) सुताराचे; धाव, म्हणजे चाकावर चढवायचं लोखंडी कडं, लोहाराची. धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतात. चार फुटी चाकाचा घेर पावणेचार मीटरच्या आसपास. लोखंड पाचशे अंशांनी तापवलं की तेवढ्या घेरात सव्वादोन सेंटिमीटर वाढतं. शेणीच्या जाळात लाल झालेली धाव चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची, लाकूड पेट घेतंय तोच पाणी ओतायचं. धाव आक्रसते आणि सगळे आरे तुंब्यात घट्ट दाबले जातात. धाव जास्त लहान झाली तर आरे वाकतात, मोठी झाली तर उन्हाळ्यात निसटते. लोहाराला नेमका घेर सुतारानेच द्यायचा. या दोन घरांतला विश्वास त्या दोन-सव्वादोन सेंटिमीटरवर उभा होता, आणि त्याची किंमत खळ्यावर धान्यात मिळत होती. बेळगाव जिल्ह्यातल्या शिरसंगीच्या काळम्माला सुतार, लोहार, कासार, पाथरवट, सोनार ही पाचही घरं का जातात, ते मला या कामावरून नीट समजतं. तिथे बडिगेर (कानडी सुतार) आणि मराठी सुतार एकाच रांगेत उभे असतात.

हे काम थांबलं कसं, त्याचा एक धागा आपल्या शहरातूनच जातो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, आणि पुढे १९०३च्या सुमाराला लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमिनीत विष कालवलं जाईल म्हणून शेतकरी तो घ्यायला धजत नव्हते. १९१०मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीला गेला, तोवर वारं फिरलं होतं. लाकडी नांगर मागे पडत गेला आणि पुढे टायरच्या गाड्यांनी चाकाचं काम नेलं. चिकोडी-अथणीच्या उसाच्या हंगामात बैलगाडी अजून दिसते, पण तिच्या चाकाला सुताराचा हात लागलेला नसतो. लोखंडी नांगराने शेतकऱ्याचं भलंच केलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. खंत एवढीच आहे की जाणाऱ्या कामाची नोंद कोणी ठेवली नाही.

नोंदीवरून पुस्तकांकडे येतो. इंग्रजी वाचायची तयारी असेल तर जोसेफ मॉक्सनचं १६७८पासून लंडनमध्ये हप्त्याहप्त्याने निघालेलं «मेकॅनिक एक्सरसायझेस» उघडा. लोहार, सुतार, कातारी यांची हत्यारं आणि ती चालवायची रीत इंग्रजीत सांगणारं हे अगदी सुरुवातीचं पुस्तक. पण वाचताना सावध राहा: त्यातली सुतारी हत्यारांची चित्रं बरीचशी फेलिबियां या फ्रेंच लेखकाच्या १६७६च्या पुस्तकावरून घेतलेली आहेत. म्हणजे मजकूर लंडनचा आणि हत्यारं पॅरिसची. छापलेलं चित्र म्हणजे त्या गावचं हत्यार, असं धरून चालत नाही.

दिदरोच्या अठराव्या शतकातल्या फ्रेंच विश्वकोशाचे चित्रांचे ११ खंड आहेत. भाषा येत नसली तरी ते नुसते बघावेत. दिदरोचे वडील सुऱ्या-चाकू घडवणारे कारागीर होते, म्हणून असेल, पण त्यात दुकानात माणसं कशी उभी आहेत, काय कुठे टांगलंय हे सगळं येतं. त्याच काळात रुबो या पॅरिसच्या सुताराने स्वतः लिहून, स्वतः चित्रं काढून सुतारकामावर ग्रंथ केला. हातात रंधा धरणाऱ्याने काढलेलं चित्र आणि नुसतं पाहणाऱ्याने काढलेलं चित्र यातला फरक तिथे दिसतो.

तुम्ही मात्र जॉर्ज स्टर्टचं «द व्हीलराइट्स शॉप» आधी वाचावं असं मला वाटतं. ते १९२३चं आहे. स्टर्ट शिक्षक होता. १८८४मध्ये वडिलांचं गाड्याचाकांचं दुकान त्याच्या अंगावर पडलं, काम येत नव्हतं, आणि दुकानातल्या जुन्या कारागिरांकडून तो समजून घेत गेला. कुठल्या शेतात कसली माती त्यावर चाक कसं बदलतं, हे त्याने जितकं लिहिलंय तितकं क्वचितच कोणी लिहिलं असेल. नोकरी करणाऱ्या, पेटी वारशाने आलेल्या माणसाला ते जवळचं वाटेल.

मराठीत त्रिंबक नारायण आत्र्यांचं १९१५चं «गाव-गाडा» वाचाच. बलुत्याचा व्यवहार, हक्क, रुसवेफुगवे सगळं आहे. लेखकाची नजर मात्र महसूल खात्यातल्या माणसाची आहे, सुताराची नाही. बेळगावचं १८८४चं गॅझेटियर जातिधंद्यांच्या माहितीसाठी चाळा. हत्यारांच्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ची दुसरी आवृत्ती. तो आणि वर सांगितलेली बहुतेक जुनी इंग्रजी-फ्रेंच पुस्तकं इंटरनेटवर फुकट वाचता येतात. संस्कृतची गोडी असेल तर वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पलंग आणि आसनांच्या लाकडावर एक प्रकरण आहे. शाक म्हणजे साग, शिंशपा, काश्मरी म्हणजे शिवण, ही नावं तिथे शुभ लाकडांत येतात.

यांतल्या एकाही पुस्तकात खानापूरची कुरी नाही. तिची माहिती तुमच्या पेटीत आहे आणि गावातल्या चार-दोन म्हाताऱ्यांपाशी. म्हणून वाचन पावसाळ्यावर ठेवा आणि गावी आधी जा. जाताना साधी वही न्या आणि प्रत्येक हत्याराला एक पान द्या: कागदावर ठेवून उतरवलेली आकृती, लांबी-रुंदी, कुठे झिजलंय, गावात त्याला काय म्हणतात, कोणी सांगितलं, कुठल्या कामाला. सांगणारा कानडी बोलणारा असेल तर त्याचे शब्दही तसेच लिहा. उळी, बाची, गरगस ही नावं आपल्या सीमेवरच्या सुतारांच्या तोंडी पटाशी, वाकस, करवतीइतकीच असतात.

वापरायला सुरुवात एका पटाशीने करा. पाऊण इंची, सरळ, पोलाद भरपूर उरलेली निवडा. तिला धार लावून उतरवलेल्या घराच्या सागाच्या तुकड्यावर एक कुसू (खाचेत बसणारी जीभ) आणि त्याची खाच काढा. खिळा नको, फेविकॉल नको. करवतींना एवढ्यात कानस लावू नका. दात मुठीकडे झुकलेत की टोकाकडे, एका इंचात किती आहेत, आणि पातं मुठीपाशी व टोकापाशी किती रुंद आहे, एवढं मोजून कळवा. खुणांच्या पट्ट्यांचे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. ते पाहिल्यावर कुरीची पट्टी कुठली आणि जुवाची कुठली, ते मला सांगता येईल.